आपलं माणूस परदेशातल्या तुरुंगात अडकलं तर घरच्यांनी बोलावं की गप्प राहावं?

ओवी

नमस्कार मंडळी. नाझनीन झघारी-रॅटक्लिफच्या प्रकरणाबद्दल पुन्हा वाचत होते आणि एका प्रश्नावर अडकले. तो इथे मांडते. इथे परदेशात राहणारे, बोटीवर असणारे, वकील, डॉक्टर, सगळेच आहेत.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाझनीन मूळची इराणी, लंडनमध्ये स्थायिक, दोन्ही देशांची नागरिक. आधी बीबीसीच्या मदतकार्य करणाऱ्या संस्थेत होती, नंतर थॉमसन रॉयटर्स फाउंडेशन या धर्मादाय संस्थेत. २०१६ च्या नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला, २२ महिन्यांच्या लेकीला घेऊन ती तेहरानला माहेरी गेली. ३ एप्रिलला परत निघाली तेव्हा विमानतळावरच तिला ताब्यात घेतलं. लेक आजी-आजोबांकडे राहिली आणि लेकीचा ब्रिटिश पासपोर्ट जप्त झाला. नाझनीनला तिथून सुमारे हजार किलोमीटरवर केरमानला नेऊन एकांत कोठडीत टाकलं, मग तेहरानच्या एविन तुरुंगात आणलं. सप्टेंबरमध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली. आरोप काय, तर राजवट उलथून टाकण्याचा कट. तिची संस्था म्हणत होती की आमचं इराणमध्ये कामच नाही. ती सुटली १६ मार्च २०२२ ला.

तिचा नवरा रिचर्ड हा अकाउंटंट. परराष्ट्र खात्याने त्याला सुरुवातीला सांगितलं की गाजावाजा करू नका, आम्ही बघतो. तो महिनाभर गप्प राहिला. मे महिन्यात त्याने जाहीर बोलायला सुरुवात केली आणि मग सहा वर्षं थांबला नाही. २०१९ मध्ये इराणच्या वकिलातीसमोर १५ दिवस उपोषण, २०२१ मध्ये स्वतःच्याच सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या दारात तंबू ठोकून २१ दिवस.

माझं स्पष्ट मत आहे की घरच्यांनी गप्प राहू नये. गप्प राहण्याचा फायदा कैद्यापेक्षा दोन्हीकडच्या सरकारांना जास्त होतो. पण उलट अनुभव असतील तर मला खरंच ऐकायचे आहेत.

भाकरवडी

वाचतोय. खुर्ची पकडून बसलोय.

गोदाकाठ

ओवी, विषय चांगला मांडलास. मी सरकारी नोकरीत असताना काही वर्षं परदेशातल्या आपल्या एका वकिलातीत कारकुनी शाखेत होतो. कैद्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. माझा अनुभव तुझ्या मताच्या विरुद्ध आहे.

समोरच्या देशातल्या अधिकाऱ्याला मागे यायला वाट लागते. प्रकरण पेपरात नसेल तर तो एखाद्या सणाच्या निमित्ताने, आजारपणाच्या कारणाने माणूस सोडून देतो आणि कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. एकदा बोभाटा झाला की त्याच्या देशाची इभ्रत आड येते. शिवाय कैद्याचा भाव वाढतो. 'या बाईसाठी एवढा देश हललाय, म्हणजे हिची किंमत मोठी' असा हिशेब होतो.

नाझनीनचंच उदाहरण घे. १ नोव्हेंबर २०१७ ला बोरिस जॉन्सन, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री, संसदेच्या समितीसमोर बोलून गेले की ती तिथे लोकांना पत्रकारिता शिकवत होती. ते खरं नव्हतं. ती सुट्टीवर होती. पण तीन दिवसांत तिला पुन्हा कोर्टात उभं केलं आणि तेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं. एका जाहीर वाक्याची ही किंमत.

ओवी

काका, ते वाक्य मंत्र्याचं होतं, नवऱ्याचं नव्हतं. रिचर्ड सहा वर्षं जवळपास रोज बोलला, पण मोजून मापून. ज्याला गप्प राहायला हवं होतं तो बोलला आणि घरच्यांना मात्र गप्प राहायचा सल्ला. मला यातच अन्याय वाटतो.

हिशेबनीस

मी सीए आहे, सांगलीत असतो. या प्रकरणातला पैशाचा भाग सांगतो, कारण तो कळल्याशिवाय 'बोलावं की नाही' याचं उत्तर मिळणार नाही.

१९७० च्या दशकात इराणच्या शहाने ब्रिटनकडून १,५०० हून जास्त चीफटन रणगाडे मागवले आणि पैसे आगाऊ भरले. १८५ रणगाडे पोचले, तेवढ्यात १९७९ ची क्रांती झाली. ब्रिटनने उरलेले दिले नाहीत, पैसेही परत केले नाहीत. व्यवहार ब्रिटिश सरकारच्याच मालकीच्या कंपनीमार्फत झाला होता. लवाद, कोर्टं, व्याजाचे वाद, हे चाळीस वर्षं चाललं. देणं आहे हे ब्रिटननेही शेवटी मान्य केलं, पण इराणवरच्या निर्बंधांचं कारण सांगून रक्कम काही हलेना.

मार्च २०२२ मध्ये ३९ कोटी ३८ लाख पौंड चुकते झाले आणि त्याच सुमाराला नाझनीन आणि तिच्यासारखेच अडकलेले अनुशेह अशुरी विमानात बसले. सरकारने सांगितलं, दोन्ही गोष्टी समांतर चालू होत्या. ही रक्कम औषधं, अन्न अशा मानवतावादी खरेदीसाठीच वापरायची अशी अट होती.

आता गोदाकाठकाकांचा मुद्दा बघा. तिची किंमत नवऱ्याच्या बोलण्याने वाढली असं म्हणता येईल का? किंमत तर तिच्या अटकेच्या कितीतरी आधीच ठरली होती. नवऱ्याने एवढंच केलं की ब्रिटनच्या लोकांना कळू दिलं, बिल आपल्या सरकारच्या नावावर आहे. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. तो अश्रूंवर थांबला नाही, थकबाकीचा कागद घेऊन उभा राहिला.

भाकरवडी

हिशेबनीस, म्हणजे सहा वर्षांनी का होईना, अकाउंटंटने ताळेबंद जुळवला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला हे वाचून.

शांता_डोंबिवली

सगळे नवऱ्याबद्दल बोलताय. मी आजी आहे म्हणून मला दुसरंच दिसतंय. तेहरानमधल्या त्या आजी-आजोबांचं काय?

जावयाला व्हिसा मिळत नव्हता. लेक तुरुंगात आणि नात कुशीत. दोन वर्षांचीही नव्हती ती. तिला भरवायचं, झोपवायचं, भेटीच्या दिवशी तुरुंगात न्यायचं आणि परत आणताना काय सांगायचं? तीनेक वर्षांत पोर इंग्रजी विसरली. बापाचा व्हिडिओ कॉल आला की मधे कुणीतरी दुभाषा लागायचा. बाप आणि लेक, आणि मधे दुभाषा!

आणि मग २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये शाळेचं वय झालं म्हणून नाझनीननेच ठरवलं, लेकीने लंडनला बापाकडे जावं. आईने तुरुंगातून पोरीला निरोप दिला. पण त्या दिवशी आजी-आजोबांचंही घर रिकामं झालं. लेक आत, नात दूरदेशी. त्यांच्यासाठी कुठे मोर्चा निघाला नाही, कारण ते त्याच देशात राहत होते. तोंड उघडलं असतं तर लेकीची भेट बंद झाली असती.

ओवीबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका घरातही एकच नसतं. लंडनमधला जावई ओरडू शकतो. तेहरानमधल्या आजीला ओठ शिवूनच बसावं लागतं.

निळावंती

शांतामावशी, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलेच मी.

पुण्यात समुपदेशनाचं काम करते. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता. माणूस गेलेलाही नाही आणि घरीही नाही, अशा अवस्थेतलं घर कसं चालतं, हा त्यांचा विषय. मृत्यू झाला तर समाजाकडे काहीतरी रीत असते. लोक भेटायला येतात, पिठलं-भात आणून देतात, दहावं-तेरावं होतं. इथे काहीच नाही. सुरुवातीला विचारपूस होते, मग लोकांना काय बोलावं सुचत नाही आणि ते रस्ता बदलतात.

घरात निर्णय अडकतात. फ्लॅट विकायचा का, मुलाची शाळा बदलायची का, नोकरी सोडायची का, प्रत्येक ठिकाणी 'तो आला की बघू'. आणि हसलं की अपराधी वाटतं. सगळ्यात जास्त वेळा मी हेच ऐकलंय: 'लग्नाला गेले, जेवले, आणि घरी येऊन ओकले.'

दर्याकन्या

बरेच दिवस इथे नुसती वाचक होते. निळावंतीताईंचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले.

माझा नवरा मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर. काही वर्षांपूर्वी त्याचं जहाज पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरात अडवलं. कागदपत्रांचा घोळ की तेलाचा, आम्हाला आजपर्यंत नीट कळलेलं नाही. सगळ्या क्रूला अटक झाली. आधी जहाजावरच ठेवलं, मग किनाऱ्यावर.

मदतकार्य करणाऱ्या बाईंच्या धाग्यावर जहाजवाल्यांचं कशाला, असं कुणाला वाटेल. पण घरातलं चित्र तेच आहे. कंपनीच्या मुंबई ऑफिसातून फोन आला: 'मॅडम, मीडियाशी बोलू नका, केस बिघडेल.' मी नाही बोलले. पुढच्या महिन्यापासून अलॉटमेंट, म्हणजे पगारातून घरी येणारे पैसे, बंद. घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, मुलाची फी. गळ्यातलं गहाण ठेवलं ते सासूबाईंना कळू नये म्हणून खोट्या मण्यांची पोत घातली. त्यांना हेच सांगितलं होतं की जहाज लांब आहे, नेटवर्क नाही. गणपतीत तो फोन करेल म्हणून त्या फोन मांडीवर घेऊन आरतीला बसल्या. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

आम्हा बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यातली केरळची एक मुलगी शेवटी म्हणाली, मी व्हिडिओ टाकते, कंपनीला काय करायचं ते करू दे. दोघीतिघी तिच्यावर चिडल्या. मीही चिडले. पण व्हिडिओ फिरला, तिकडच्या आमदाराने उचलला, मग खासदारांकडून पत्र गेलं, आणि पहिल्यांदाच आपल्या वकिलातीचा माणूस आमच्या माणसांना भेटायला गेला. ते सुटले त्या व्हिडिओमुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण त्या भेटीनंतर त्यांना डॉक्टर मिळाला आणि घरी फोन करता आला. तोवर माझ्या नवऱ्याचं वजन इतकं उतरलं होतं की आवाजही बदलला होता.

गोदाकाठ

दर्याकन्या, तुमच्या हिमतीला नमस्कार. तुमच्या बाबतीत कंपनीने दिलेला सल्ला कंपनीच्या सोयीचा होता, यात मला शंका नाही. माझा मुद्दा सरकार सरकारांशी बोलतं त्याबद्दल आहे.

काळा कोट

दर्याकन्या, असं एकच जहाज नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हिरोइक इडुन हे तेलवाहू जहाज इक्वेटोरियल गिनीने अडवलं. २६ खलाशी, त्यातले १६ भारतीय. पुढे नायजेरियाच्या ताब्यात गेले, २०२३ मध्ये सुटले. तेव्हाही घरच्यांचे आणि खुद्द खलाशांचे व्हिडिओ बाहेर आले म्हणूनच लोकांना कळलं.

आता कायद्याचं. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वकिलातींच्या कामकाजाबद्दलचा. त्याचं कलम ३६ म्हणतं की परदेशी माणसाला अटक केली तर त्याला हा हक्क विनाविलंब सांगायचा, त्याने मागितलं तर त्याच्या वकिलातीला कळवायचं आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचं. नाझनीनच्या बाबतीत इराणने हे दारच बंद केलं, कारण इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यांच्या लेखी ती फक्त इराणी. ब्रिटनने मार्च २०१९ मध्ये तिला राजनैतिक संरक्षण दिलं, म्हणजे प्रकरण एका व्यक्तीचं न राहता दोन देशांमधलं झालं. तरीही पुढे तीन वर्षं गेली.

आपल्या लोकांनी यातून घ्यायचं ते हे: भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. पोराचा पासपोर्ट अमेरिकेचा असेल आणि ते तिसऱ्या देशात अडकलं, तर दार अमेरिकेच्या वकिलातीचं ठोठवायचं, आपल्या नाही. पहिले दोन दिवस चुकीच्या दारात गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

पक्का कोल्हापुरी

कलम ३६ म्हटलं की पाकिस्तानच्या कैदेतले कुलभूषण जाधव आठवतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला याच कलमाचा भंग झाला असं पाकिस्तानला सुनावलं होतं.

प्रकरण वेगळं आहे, ते मदतकार्यवाले नव्हेत, त्यावर वाद नको. मला फक्त त्या भेटीबद्दल बोलायचंय. २५ डिसेंबर २०१७, इस्लामाबाद. आई आणि बायको, मधे काच. त्याआधी दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या उतरवून घेतलेल्या. कपडे बदलायला लावलेले. आई मराठीत बोलायला लागली की मधेच तोडायचे. सुषमा स्वराज यांनी नंतर संसदेत सांगितलं की आईचं मोकळं कपाळ आणि मोकळा गळा बघून कुलभूषणनी पहिलं विचारलं ते 'बाबा कसे आहेत?'

आई एवढ्या लांबून आली आणि लेकाच्या मनात पहिली शंका आली ती बाप गेल्याची. शिक्षा कोणाला झाली म्हणायची?

शांता_डोंबिवली

अहो, काटा आला अंगावर. पोटच्या पोराशी आपल्या भाषेत बोलायचं नाही म्हणजे बोलायचं तरी कशात?

मुक्काम पोस्ट

उशिरा आलो, सगळं वाचलं. मी पाणी-स्वच्छता विभागात एका मदतसंस्थेबरोबर दक्षिण सुदानमध्ये होतो. ओवीताईंच्या प्रश्नाला आतल्या बाजूने उत्तर देतो.

जाण्याआधी आम्हाला एक फॉर्म भरायला लावतात. आपल्याला कोणी पळवलं तर आपण जिवंत आहोत हे ताडून बघण्यासाठीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, जी फक्त आपल्याला आणि घरच्यांना माहीत असतील, इंटरनेटवर कुठे सापडणार नाहीत. लिफाफा बंद करून द्यायचा. मी टेबलाशी बसलो आणि सुचेचना. 'आईचं माहेरचं नाव' चालत नाही, ते बँकेलाही माहीत. शेवटी लिहिलं: 'लहानपणी मी विहिरीत काय टाकलं होतं?' उत्तर: आजोबांची कवळी. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना समजावून सांगताना आम्ही दोघं हसून बेजार. रात्री खोलीवर आलो आणि मग लक्षात आलं की हा प्रश्न कुणी आईला विचारला तर त्या क्षणी आईची काय अवस्था असेल.

दुसरं, घरातल्या एकाच माणसाचं नाव द्यायचं, संस्था त्याच्याशीच बोलणार. आई-बाबांचं देऊ नका, असं सुचवतात. मी बहिणीचं दिलं. तिने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला.

आता मूळ प्रश्न. अपहरण आणि अटक या दोन गोष्टी वेगळ्या धरा. जुडिथ डिसूझा आठवतात? कोलकात्याच्या, आगा खान फाउंडेशनच्या कामावर काबूलमध्ये होत्या. ९ जून २०१६ ला पळवलं, २३ जुलैला सुटल्या. त्याआधी तमिळनाडूचे फादर प्रेमकुमार, हेरातजवळून पळवले गेले, आठ महिन्यांनी सुटले. टोळीच्या हातात माणूस असेल तर गवगवा धोक्याचा. टोळीला इभ्रतीची फिकीर नसते आणि कॅमेरा दिसला की रक्कम वाढते. तिथे काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

पण सरकारने अटक केली असेल तर पत्ता माहीत असतो, कोर्ट असतं, न्यायाधीशाचं नाव असतं. सरकारला जगात तोंड दाखवायचं असतं. तिथे गप्प बसलात तर तुमचं माणूस फायलीत राहतं.

ब्रुसेल्सवासी

मुक्काम पोस्ट, हा फरक पटला. पण माझ्या इथलं एक प्रकरण सांगतो, त्यात सगळंच गुंतलंय.

ओलिव्हिए वँडकास्टील, बेल्जियमचा मदतकार्यकर्ता. नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलसारख्या संस्थांबरोबर बरीच वर्षं काम केलेला, इराणमधल्या अफगाण निर्वासितांसाठीही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेहरानला अटक. घरचे काही महिने गप्प राहिले, बातमी जुलैच्या सुमाराला बाहेर आली. जानेवारी २०२३ मध्ये शिक्षा कळली: ४० वर्षं आणि ७४ फटके. मग इथे त्याच्या फोटोचे फलक लागले, लोक रस्त्यावर आले.

सुटला २६ मे २०२३ ला, ओमानमध्ये. बदल्यात बेल्जियमने असदोल्ला असदी या इराणी मुत्सद्द्याला सोडलं. २०१८ मध्ये पॅरिसजवळच्या इराणी विरोधकांच्या मेळाव्यात बॉम्ब उडवण्याच्या कटासाठी त्याला अँटवर्पच्या कोर्टाने २० वर्षं दिली होती. तो बॉम्ब उडाला असता तर कित्येक माणसं गेली असती. त्या मेळाव्यात असलेले लोक विचारत होते, आमच्या न्यायाचं काय? प्रकरण इथल्या घटना न्यायालयापर्यंत गेलं.

मी त्याच्या सुटकेच्या बाजूने होतो आणि आहे. घरच्यांनी बोलायलाच हवं. पण घरचे बोलतात, लोक पेटतात, सरकार देवाणघेवाण करतं, आणि पुढच्या मदतकार्यकर्त्याला उचलायला कारण मिळतं. हा भार घरच्यांवर टाकायचा नाही, तो सरकारांचा आहे. तरीही तो आहे, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गोदाकाठ

हेच मला सुरुवातीपासून सांगायचं होतं, माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

ओवी

ब्रुसेल्सवासी, मुद्दा जड आहे. पण ज्याची बायको आत आहे त्याने पुढच्या अनोळखी माणसाचा विचार करून गप्प बसावं, अशी अपेक्षा आपण ठेवू शकतो का? मी तरी नाही ठेवू शकत.

आणि शिक्षा संपली म्हणून सुटका होते असंही नाही. नाझनीनची ५ वर्षं मार्च २०२१ मध्ये भरली. कोविडमुळे आधीच्या वर्षीपासून ती आई-वडिलांच्या घरी होती, पायाला हालचालींवर नजर ठेवणारा पट्टा बांधलेला. पट्टा काढला, आणि पुढच्याच महिन्यात अपप्रचाराच्या आरोपाखाली आणखी एक वर्ष सुनावलं. शेवटी विमानतळावर सोडतानाही तिच्याकडून कबुलीजबाबावर सही करून घेतली, हे तिने नंतर मुलाखतीत सांगितलं. सुटून आल्यावर पत्रकार परिषदेत तिने सरळ विचारलं होतं की मला घरी आणायला किती परराष्ट्रमंत्री लागावेत? सहा वर्षांत पाच झाले होते.

तलासरीकर

नमस्कार. तलासरी भागात प्राथमिक शिक्षक आहे. धागा लंडन-तेहरान-ब्रुसेल्स फिरून आलाय. थोडा आमच्याकडे वळवतो.

आमच्या डहाणू-तलासरीचे कितीतरी आदिवासी पुरुष गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळ. पावसाळ्यानंतर बोटमालकाकडून उचल घ्यायची आणि सात-आठ महिने समुद्रावर. मासळीमागे बोट पुढे जाते, पाण्यावर रेघ थोडीच आखलेली असते? पाकिस्तानची नौका येते, बोट जप्त होते, तांडेलासकट, म्हणजे बोटीच्या म्होरक्यासकट, सगळे कराचीच्या तुरुंगात.

माझ्या वर्गात अशा घरातली मुलं आहेत. एका मुलीला 'माझे बाबा' निबंध होता. तिने चार ओळी लिहिल्या, त्यात बाबांच्या शर्टाचा रंग होता. पासपोर्ट साइजच्या फोटोवरून लिहिला होता, कारण माणूस तिला आठवत नाही.

तिची आई वीटभट्टीवर जाते. बँकेचं खातं नवऱ्याच्या नावाने, सही त्याची. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तो. ती विधवा नाही, म्हणून तिकडची पेन्शन नाही. परित्यक्ता नाही, म्हणून तिकडचंही नाही. बोटमालकाची उचल मात्र बाकी राहते.

भारत-पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, २००८ च्या करारानुसार. यादीत आकडे असतात, घरी नाव कळायला वेळ लागतो. शिक्षा काही महिन्यांची, पण ती संपल्यावर 'हा आमचाच नागरिक' हे ठरेपर्यंत वर्षं जातात.

ओवीताई, तुम्ही विचारता, बोलावं की गप्प राहावं. आमच्या बायांपुढे हा प्रश्नच येत नाही. त्या बोलल्या तरी वारलीत बोलणार. ऐकायला कोण बसलंय? रिचर्डसाहेबांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण ओरडायलाही भाषा, वेळ, आणि मजुरी बुडाली तरी चूल पेटेल एवढी ऐपत लागते.

दर्याकन्या

गुरुजी, त्या बाईला माझा नमस्कार सांगा. गळ्यातलं गहाण ठेवायला माझ्याकडे निदान गळ्यातलं होतं.

निळावंती

शर्टाचा रंग...

काळा कोट

तलासरीकर, भावनेच्या भरात राहू नये म्हणून कामाचं लिहितो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. परदेशात अडकलेल्या भारतीयांची तक्रार तिथे नोंदवता येते, क्रमांक मिळतो, फाईल कुठे आहे ते दिसतं. बाईंना स्वतः करता येणार नाही, पण तुम्ही त्यांच्या वतीने भरू शकाल. खलाशाकडे पासपोर्ट नसतो, तेव्हा आधार, मतदार कार्ड, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि मच्छीमार सोसायटीचा दाखला जोडा. नागरिकत्वाची खातरजमा शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या पोलिसांकडे येते आणि तिथे कागद पडून राहतो. बाहेर ओरडण्यापेक्षा त्या टेबलाशी दर आठवड्याला जाऊन उभं राहणं, हेही बोलणंच आहे.

ओवी, तुझ्या प्रश्नावर माझं मत यातच आलं. आधी हे शोधायचं की अडलंय कुठे. नाझनीनचं अडलं होतं लंडनच्या तिजोरीत, म्हणून रिचर्डचा शेवटचा तंबू लंडनच्या परराष्ट्र खात्यासमोर लागला ते योग्यच. दर्याकन्याचं अडलं होतं कंपनीत. तलासरीच्या बाईचं कदाचित पालघरमध्येच अडलं असेल. जिथे अडलंय तिथे आवाज करायचा.

गोदाकाठ

वकीलसाहेब, हे मला पूर्ण मान्य. खातरजमेची फाईल कुठून कुठे जाते ते मला पाठ आहे, त्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली. तलासरीकर गुरुजी, तुमच्याकडे अशा घरांची नावं असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्ज मी लिहून देतो, आणि पालघरला यायची माझी तयारी आहे.

तलासरीकर

काका, व्यनि केलाय. सध्या पाच घरांची माहिती आहे, दोघांचे बोटीचे क्रमांक मिळालेत. बाकीच्या तिघींना सोसायटीत विचारायला सांगितलंय, पण त्यांना मजुरी बुडवून वेरावळला जाणं शक्य नाही. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर कळवा.

हिशेबनीस

वेरावळला माझा एक अशील आहे, मासळीच्या निर्यातीत. उद्या फोन करतो. बोटमालकाचं नाव आणि बोट कोणत्या महिन्यात धरली गेली तेवढं पाठवा, बाकी तो शोधेल.